चौथ्यावरून दुसरा टाकला की गाडी झटका खाते, घाटात ब्रेक तापतात. गिअर नेमका कधी उतरवायचा?

घोडबंदर_रोजचा

१.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, पाच गिअर. रोज कासारवडवली ते बीकेसी. गिअर वर चढवताना काही त्रास नाही, खाली उतरवताना आहे. फ्लायओव्हर उतरून पुढे ट्रॅफिक दिसलं की चौथ्यावरून दुसरा टाकतो आणि क्लच सोडला की गाडी झटका खाते, मागे बसलेली आई पुढची सीट धरते. क्लच हळू सोडला तर झटका नाही, पण क्लचप्लेट जाईल अशी भीती वाटते. दुसरं म्हणजे लोणावळ्याहून परत येताना घाट उतरेपर्यंत ब्रेकचा जळका वास येतो. सोसायटीतले काका म्हणतात, उतारावर न्यूट्रल कर, पेट्रोल वाचतं. मित्र म्हणतो, प्रत्येक सिग्नलला पाच-चार-तीन-दोन असा एकेक उतरवत ये, ब्रेक वाचतात. कोणाचं ऐकू?

पिस्टन_परळ

आधी झटक्याचं बघू. तुमच्यासारख्या गाडीत ४० च्या वेगाला चौथ्यात इंजिन साधारण १४०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) असतं, तिसऱ्यात १९०० आणि दुसऱ्यात २७०० च्या पुढे. क्लच दाबून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजिन ८०० कडे घसरतं. मग क्लच सोडलात की चाकं त्याला ओढून २७०० वर नेतात. ती ओढ गाडीच्या वेगातून वजा होते आणि आई पुढे जाते. क्लच हळू सोडला तर तेच काम प्लेट घासून होतं.

म्हणजे दुसरा टाकला हे चूक नाही, ४० ला टाकला हे चूक. आधी ब्रेकने वेग २०-२५ पर्यंत आणा, मग दुसरा टाका. २५ ला दुसऱ्यात इंजिन १७०० च्या आसपास असतं, फरक इतका कमी की क्लच नेहमीसारखा सोडला तरी कळत नाही. चौथ्यावरून थेट दुसरा टाकायला काहीच हरकत नाही, मधला तिसरा घ्यायलाच हवा असा नियम नाही. साधारण हिशोब: १५ ते ३० दुसरा, ३० ते ४५ तिसरा, ४५ ते ६० चौथा. चढावर किंवा एसी लावून पाच माणसं असतील तर प्रत्येक आकडा पाच-सात किलोमीटरने वर धरा.

ओव्हरटेकसाठी किंवा चढावर वेग न घालवता गिअर उतरवायचा असेल तर इंजिनाची रेस जुळवावी लागते. क्लच पूर्ण दाबा, लीव्हर न्यूट्रलमधून खालच्या गिअरात न्या, आणि क्लच खाली असतानाच ॲक्सिलरेटरला हलकी टिचकी द्या. तिसऱ्यावरून दुसऱ्याला आरपीएम साधारण दीडपट लागतात, चौथ्यावरून तिसऱ्याला एक-तृतीयांश जास्त. काटा तिथे पोचतोय तोच क्लच सोडा. जमलं की नाही ते गाडीच्या नाकाकडे बघून कळतं: नाक खाली गेलं तर रेस कमी पडली, गाडी पुढे उसळली तर जास्त झाली. सुरुवातीला टिचकी जमत नसेल तर गिअर बदलताना पाय पूर्ण न उचलता थोडी रेस धरून ठेवा, तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

एकाच पायाने ब्रेक आणि रेस देण्याची हील-टो पद्धत मुंबईच्या रस्त्यावर लागत नाही. डबल क्लचही (एका गिअर बदलाला दोनदा क्लच दाबणं) नको, सिंक्रोमेश गिअरबॉक्सला त्याची गरज नसते, त्यातल्या सिंक्रो रिंगा गिअरचा वेग आपोआप जुळवतात.

घाटातला_सह्याद्री

काकांचं ऐकू नका, हे अगदी कळकळीने सांगतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरात असताना ॲक्सिलरेटर सोडला आणि आरपीएम आयडलच्या (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असतानाच्या) बरेच वर असले, की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल सोडणारे इंजेक्टर बंद करतो. इंजिन चाकांवर फिरतं, पेट्रोल शून्य. न्यूट्रल केलंत तर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. म्हणजे वाचत काही नाही, वर इंजिनाचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. काही जण तर उतारावर चावीच बंद करतात. मग ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीनदा ब्रेक लागतो आणि नंतर पेडल दगडासारखं होतं, पॉवर स्टिअरिंगही जातं.

बोरघाटात पुण्याहून येताना, अमृतांजन पूल होता तिथपासून खाली, उतार सुरू होण्याआधी ब्रेकने वेग कमी करून तिसरा टाका. उतारात शिरल्यावर वेग वाढलेला असताना गिअर शोधू नका. कसोटी सोपी आहे: ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी वेग वाढतोय, तर अजून एक गिअर खाली हवा. त्यासाठीही आधी ब्रेक, मग गिअर. इंजिन ३००० ते ४००० वर गुणगुणलं तर घाबरू नका, ते त्यासाठीच बनलंय.

त्यावर ब्रेक लागेलच, पण पाय पेडलवर ठेवून घासत येऊ नका. ठाम दाबा, वेग १०-१५ ने उतरवा, पूर्ण सोडा. मधल्या वेळात डिस्कला हवा लागते. वास आला किंवा पेडल खोल जायला लागलं तर लगेच एक गिअर उतरवा आणि पहिल्या सुरक्षित जागी गाडी लावून निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. मागचे ड्रम तापलेले असताना हँडब्रेक ओढून ठेवण्यापेक्षा सपाट जागा बघा, गाडी गिअरात ठेवा आणि चाकाला दगड लावा.

ब्रेक ऑइल कधी बदललंय? डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची ग्रेड) चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २०५ अंश, ओलावा शोषल्यावर तोच १४० पर्यंत येतो. डॉट ४ ला २३० आणि १५५. आपल्या हवेत ओलावा भरपूर, म्हणून दोन वर्षांनी बदलाच. ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही.

क्लचप्लेट_कुर्ला

मित्राचा सल्ला अर्धा बरोबर. गिअरात राहून ॲक्सिलरेटर सोडायचा, हे बरोबर. पण सिग्नलला थांबायचंच आहे तर एकेक गिअर उतरवण्यात अर्थ नाही. ब्रेक पॅड बदलणं स्वस्त आणि थोड्या वेळाचं काम, क्लचसाठी गिअरबॉक्स खाली काढावा लागतो. चौथ्यातच ब्रेक लावत या, आरपीएम १२०० च्या खाली यायला लागले की क्लच दाबा, थांबा, न्यूट्रल करून पाय क्लचवरून काढा. सिग्नल लाल आहे म्हणून पहिला टाकून क्लच दाबून बसू नका, त्याने क्लच बेअरिंग झिजतं. सिग्नल हिरवा होईल असं वाटत असेल तर मात्र त्या वेगाचा गिअर टाकून तयार राहा.

पावसात अजून एक गोष्ट. ओल्या रस्त्यावर रेस न जुळवता दुसरा टाकून क्लच फटकन सोडला तर पुढची चाकं क्षणभर घसरतात. एबीएस (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) ब्रेकचा दाब सोडू शकतं, इंजिनाची ओढ सोडू शकत नाही. पेव्हर ब्लॉक, झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे, फ्लायओव्हरच्या लोखंडी सांध्यांवर जास्त जपा.

आणि पाचव्यावरून चौथा टाकताना लीव्हर मुठीत धरून डावीकडे ढकलू नका, दुसरा पडतो. एक्सप्रेसवेवर १०० ला दुसरा पडला आणि क्लच सोडला, तर इंजिन ६८०० च्या आसपास जातं. या इंजिनांची मर्यादा साधारण ६२०० असते, आणि चाकं इंजिनाला ओढत असताना रेव्ह लिमिटर (आरपीएम मर्यादेत ठेवणारी यंत्रणा) काही करू शकत नाही. व्हॉल्व्ह पिस्टनला लागू शकतात. पाचव्यातून फक्त न्यूट्रलमध्ये आणा, हात सैल सोडा, स्प्रिंग लीव्हरला तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत आणते. मग बोटांनी सरळ मागे ओढा.

घोडबंदर_रोजचा

धन्यवाद सगळ्यांना. २५ ला आणून दुसरा टाकायचं लक्षात ठेवतो. एकच राहिलं: कधीकधी दुसरा टाकताना कर्र आवाज येतो. हे पद्धतीमुळे की बिघाड?

पिस्टन_परळ

आधी पायाखाली बघा. कंपनीच्या मॅटवर जाड सेव्हन-डी मॅट टाकली असेल तर क्लच तळापर्यंत जात नाही आणि असा आवाज येतो. मॅट काढूनही आला तर गाडी उभी करून इंजिन आयडलवर ठेवा, क्लच पूर्ण दाबून तीन सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. बहुतेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे तिथेही कर्र झालं तर क्लच पूर्ण सुटत नाहीये: केबल असेल तर ॲडजस्टमेंट, हायड्रॉलिक असेल तर ऑइल आणि गळती तपासायला सांगा. रिव्हर्स गुपचूप पडतो आणि फक्त दुसराच वाजतो, तर दुसऱ्याची सिंक्रो रिंग झिजत आलीय. तोपर्यंत लीव्हर ढकलू नका, दुसऱ्याच्या तोंडाशी हलका दाब धरून अर्धा सेकंद थांबा, आपोआप आत जाईल. गिअर ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच आहे का तेही विचारा.