ब्रॉडवेच्या पलीकडचं नॅशव्हिल

नॅशव्हिल म्हणजे अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं, कंट्री संगीताचं शहर. तिथल्या ब्रॉडवे या गजबजलेल्या रस्त्यावर एक संध्याकाळ घालवली की नॅशव्हिल पाहून झालं, असं कुणी म्हटलं तर मला पटत नाही. ब्रॉडवे जरूर पाहा. तिथल्या बहुतेक हॉंकी-टॉंकमध्ये, म्हणजे गाणी-वादन चालणाऱ्या बारमध्ये, प्रवेशशुल्क नसतं आणि वादकांची कमाई बरीचशी टिपांवर चालते, म्हणून टिपांची बादली फिरेल तेव्हा हात आखडता घेऊ नका. शेजारचं रायमन सभागृह १८९२ साली प्रार्थनासभांसाठी बांधलं गेलं. १९४३ ते १९७४ 'ग्रँड ओल ऑप्री' हा कंट्री संगीताचा कार्यक्रम इथूनच रेडिओवर जायचा. आजही श्रोते चर्चसारख्या लाकडी बाकांवर बसतात.

पण खरी मैफल ऐकायची तर ग्रीन हिल्स भागातलं ब्लूबर्ड कॅफे गाठा. जेमतेम नव्वद खुर्च्या. गीतकार मधोमध गोल करून बसतात, आळीपाळीने आपलीच गाणी गातात, गाणं कसं सुचलं तेही सांगतात. गाणं चालू असताना बोलायचं नाही, हा तिथला शिरस्ता. आपल्याकडच्या घरगुती बैठकीची आठवण झाली मला! तिकीट मात्र आधीच काढा, ऐनवेळी मिळणं कठीण. ब्लूग्रास, म्हणजे बँजो-फिडलवरचं लोकसंगीत, आवडत असेल तर गल्च भागातला स्टेशन इन हा क्लब. खाण्यापिण्याला, भटकायला ईस्ट नॅशव्हिलचा फाइव्ह पॉइंट्स हा भाग.

आणि दिवसा जेफरसन स्ट्रीटवर नक्की जा. कृष्णवर्णीयांच्या या वस्तीतल्या क्लबांत पुढे विख्यात झालेला गिटारवादक जिमी हेंड्रिक्स तरुणपणी वाजवायचा. १९६० च्या दशकात वस्तीच्या मधून महामार्ग गेला आणि ते क्लब एकेक करून संपले. त्याचं मला फार वाईट वाटतं.