पाखरांना दाणे टाकावेत की नाही?

कडुनिंब:
नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात मिठू होता. सकाळी तो पिंजऱ्याच्या तारेवर चोच घासायचा, त्या खरखरीनं मला जाग यायची. आजोबा त्याला भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि हिरवी मिरची द्यायचे. सहावीत असताना मी एकदा दार उघडं ठेवलं. तो बाहेर आला, वाळत घातलेल्या लुगड्यावर जरा वेळ बसला, मान तिरपी करून वर पाहिलं आणि पुन्हा पिंजऱ्यात शिरला. मी खूप रडले होते.

आता मानेवाड्याला घर आहे, पिंजरा नाही. मागच्या अंगणात पाण्याचा परळ आणि मूठभर कनकी असते. चिमण्या, साळुंक्या, सातभाई येतात. माझी सात वर्षांची पोरगी शेंगदाणा धरून बसते, खार तिच्या बोटांतून तो काढून घेते. तेवढा वेळ पोरगी श्वास रोखून असते. शेजारच्या काकांनी काल निक्षून सांगितलं, दाणे बंद करा, कबुतरं वाढून राहिली. मला पटलं नाही. पोरांना मुक्या जिवांचा लळा लागायचा तर कुठे लागणार?

त्रिमूर्तीनगरवाला:
ताई, काकांचं बरोबर आहे. आमच्या वरच्या मजल्यावर रोज ज्वारी टाकायचे. चिमण्या चार दिवस आल्या, मग सगळी गच्ची कबुतरांची झाली. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली की काहींच्या फुफ्फुसांना सूज येते, पुढे ती घट्ट होत जातात. माझ्या आईला दोन जिने चढवत नाहीत. मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, तो उगीच नाही. तुमचा आनंद दुसऱ्याच्या खिडकीत सांडतो.

बुलबुल:
आईंचं वाचून वाईट वाटलं, दादा. पण पाणी आणि दाणे एकाच पारड्यात घालू नका. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, नवतप्यात तर दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. आमच्या कूलरच्या टाकीतून पाणी ठिबकतं, तिथे साळुंकी चोच उघडी टाकून उभी असते. तिला पाणी देऊ नको म्हणता?

दाण्यांचं मात्र मलाही पटत नाही. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिल्लांना अळ्या आणि किडेच भरवते. कनकीपेक्षा कढीपत्ता लावा, जास्वंद लावा, औषध फवारू नका.

रामटेककर:
मी तर म्हणतो हातानं काहीच देऊ नये. गडावर येऊन बघा. लोकांनी प्रेमानं चणे-फुटाणे दिले, आता वानरं बायांच्या हातातली प्रसादाची पिशवी ओढतात. मग तेच लोक काठी उगारतात. सवय आपण लावायची आणि मार त्यांनी खायचा. खारीचंही तेच. ती आज शेंगदाणा घेते, उद्या बोट चावेल. मग शिक्षा कोणाला?

सेमिनरी_हिल्स:
मिठूचा विषय निघाला म्हणून सांगते. देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, तरी घरोघरी पिंजरे दिसतात. कोणाकडे असेल तर कृपा करून तसाच सोडून देऊ नका. माणसांत वाढलेल्या पोपटाला खाणं शोधता येत नाही, कावळे-मांजरी त्याला टिकू देत नाहीत. इथे सेमिनरी हिल्सला वन्यप्राण्यांवर उपचार करणारं वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे न्या.

कडुनिंब:
सेमिनरी हिल्सच्या ताई, तुमचं वाचून लुगड्यावर बसलेला मिठू डोळ्यांपुढे आला. दार उघडलं तेव्हा मला वाटलं होतं, मी त्याला सोडवते आहे.

कनकी आजपासून बंद. त्रिमूर्तीनगरच्या दादांच्या आईंसारखं आमच्या काकूंना व्हायला नको. पण रामटेककर, शेंगदाण्याचं मी ऐकणार नाही. मिठूला आम्ही कोंडलं होतं, ही खार कुंपणावरून येते आणि मनात आलं की जाते. पोरगी तिची वाट बघायला शिकली.

रामटेककर:
मग निदान शेंगदाणा विटेवर ठेवायला लावा आणि पोरीला दोन हात लांब बसवा. वाट तिथूनही बघता येते.

त्रिमूर्तीनगरवाला:
आणि परळ रोज घासून पालथा घाला, ताई. आठवडाभर पाणी साचलं की डेंग्यूचे डास तिथेच होतात. दाणे बंद केल्याचं काकांना स्वतः जाऊन सांगा, कबुतरं कमी होण्याची वाट बघू नका.