हाक मारतात, टाहो फोडतात, गाऱ्हाणं घालतात

किनाऱ्यावरच्या ओरडण्याचे, गर्जनांचे शब्द इथे लिहा. शब्दाबरोबर त्याचं क्रियापद आणि तो नेमका कुठे वापरतात तेही सांगा.

मालवण : पहिला मान कुकाऱ्याचा. खाडीपलीकडच्या किंवा माडांत लांब गेलेल्या माणसाला 'कूऽऽ' करून बोलावतात तो. त्यात नाव घेत नाहीत, कारण अंतरावर व्यंजनं विरतात, लांबवलेला स्वर तेवढा पोचतो. समुद्राचा आवाज खर्जातला, म्हणून कुकारा उंच पट्टीत हवा. वारा तोंडावर येत असला तर आवाज वर वळतो. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात समुद्राकडे तोंड करून घातलेला कुकारा म्हणूनच फुकट जातो.

गुहागर : 'घालणे' हे क्रियापद बघा. कुकारा घालतात, साद घालतात, गाऱ्हाणं घालतात. तिन्हींत पलीकडून उत्तर हवं असतं. देवापुढच्या गाऱ्हाण्यात तर प्रत्येक मागणीला जमलेली मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणतात. आवाज आवरेनासा झाला की 'फोडणे' येतं : किंकाळी, टाहो, हंबरडा. हंबरडा आला हंबरण्यातून, वासरासाठी गाय हंबरते त्यातून. 'हंबरडा केला' लिहिलं की शब्दातला जीवच जातो.

अलिबाग : वाघ डरकाळी फोडतो ती मात्र आवरत नाही म्हणून नव्हे, तेव्हा हा नियम माणसांपुरताच ठेवावा. सिंहाची गर्जना, हत्तीचा चीत्कार, मोराची केका, म्हशीचं रेकणं. अंगावर येणारा बैल डुरकतो.

रत्नागिरी : शिमग्याची बोंब राहिली. पालथा हात तोंडावर मारत ओरडतात ती बोंब. हात नसेल तर ती नुसती आरोळी. दोन्ही ठोकतात. पालखीसोबतच्या आरोळ्यांना इकडे फाका म्हणतात. बोंबेचं सभ्य नाव शंखध्वनी, त्यावरून एखाद्याच्या नावाने शंख करणं आलं.

वेंगुर्ला : समुद्राची गाज. संस्कृत गर्ज, प्राकृत गज्ज, मराठी गाज. सभा गाजते, नाव गाजतं तेही यातूनच. ही कुणी मारत नाही, घालत नाही, फोडत नाही. ती येते. पावसाच्या तोंडावर लांबच्या वादळाची लाट किनाऱ्याला लागली की वारा पडलेला असतानाही गाज वाढते.