‘मस्ट’ला ‘पाहिजे’ पुरते का?

अनुवादू: जेन ऑस्टेनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (1813) मधील नायक डार्सी नायिका एलिझाबेथला लग्नाची पहिली मागणी घालतो, तिथे अनुवाद करताना माझे घोडे अडले आहे. तो क्षणभर बसतो, उठतो, खोलीत येरझारा घालतो आणि एलिझाबेथला म्हणतो, ‘यू मस्ट अलाउ मी टु टेल यू...’ ‘आपण मला सांगू दिलेच पाहिजे’ असे लिहिले, तर तो तहसीलदार वाटतो. ‘मला सांगू द्यावे’ असे लिहिले, तर अर्जदार. सक्ती शब्दांत आणि ओढ मनात, हे एका क्रियापदात कसे आणावे?

जुनेजाणते: ‘पाहिजे’ हे मुळात ‘पाहणे’चे जुने कर्मणी रूप, ‘म्हणिजे’, ‘कीजे’ यांच्या पंक्तीतले, ज्याची वाट पाहिली जाते ते, असा अर्थ मी लावतो. उलट ‘-आवे’ संस्कृत ‘-तव्य’वरून आला, म्हणजे जन्माने कर्तव्याचा, तरीही पसायदानात ‘तोषावें’, ‘द्यावें’ म्हणताना ज्ञानेश्वर मागणेच मागतात. तेव्हा ‘द्यावे’ हेच शुद्ध.

सांगलीकर: व्युत्पत्ती मान्य, पण कोश उशाशी घेऊन कुणी कादंबरी वाचत नाही. लग्नपत्रिकेत ‘अगत्य येण्याचे करावे’ दिसले, की आमची आजी ‘करावे म्हटलंय, म्हणजे गेलंच पाहिजे’ म्हणत गुडघ्यावर हात टेकून उठत असे. मला खरी गंमत ‘तिला जायचे होते’ यात वाटते. सासरी निघालेल्या मुलीविषयी हे लिहिले, तर तिची इच्छा होती की तिच्यावर वेळ आली होती, हे वाक्य सांगत नाही. ‘जावे लागले’ म्हटले, की लेखकाने बाजू घेतली. ‘जाववेना’ म्हटले, की पाय उंबऱ्यातच अडला.

जुनेजाणते: ही संदिग्धता गुण नव्हे, आळस आहे. ‘जाण्याची इच्छा होती’ असे स्वच्छ लिहावे.

सांगलीकर: मग तो पोलिसांपुढचा जबाब होईल. सासू समोर असताना तिला मोघमच बोलायचे असते. (हे ‘बोलायचे असते’ इच्छेचे की सक्तीचे, ते आपणच ठरवावे.)

अनुवादू: माझा डार्सी अजून येरझारा घालतो आहे. तूर्त ‘मला बोलू द्यावेच लागेल आपल्याला’ असे लिहिले आहे. ‘लागेल’मध्ये त्याची स्वतःची अगतिकताही ऐकू येते का?

जुनेजाणते: येत असेल, परंतु ‘आपल्याला’ हे वाक्याच्या शेपटाला का बांधले आहे? ते आधी वर घ्यावे.