चित्रकलेतील पदव्युत्तर पदवी: दोन वर्षे संस्थेत काढावीत की स्वतःच्या खोलीत?

अंबाझरी

नागपुरात चित्रकलेची पदवी घेऊन मला चार वर्षे झाली. दर उन्हाळ्यात अंतिम वर्षाची काही मुले-मुली माझ्या खोलीवर काम दाखवायला येतात आणि काम पाहून झाले की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: ताई, एम.एफ.ए. (कलेतील पदव्युत्तर पदवी) करायचे का, आणि करायचे तर मुंबईला, बडोद्याला की शांतिनिकेतनला? मी त्यांना जे उत्तर देते ते या चर्चामंचावर सविस्तर मांडते, कारण त्याला विरोध असणारे ज्येष्ठही येथे आहेत आणि त्यांचे म्हणणे मला ऐकायचे आहे.

ज्याला चित्रकारच व्हायचे आहे आणि ज्याने बी.एफ.ए.ची, म्हणजे कलेतील पदवीची, चार वर्षे मनापासून केली आहेत, त्याने लगेच पदव्युत्तर प्रवेश घेऊ नये, असे माझे मत आहे. त्या चार वर्षांत आपण बहुतेक काम कोणीतरी सांगितले म्हणून करतो. स्टिल लाईफ, लाईफ स्टडी, कंपोझिशन, मग सबमिशनची तारीख, मग ज्युरी म्हणजे परीक्षकांची फेरी, मग डिस्प्ले. हे सगळे संपल्यावर, विचारणारे कोणीही नसताना, सकाळी उठून कॅनव्हाससमोर उभे राहता येते का, हे ज्याने तपासून पाहिलेले नाही, तो पुढची दोन वर्षेही सबमिशनच करत राहतो. पदवीनंतर मी प्रतापनगरला एका घराच्या गच्चीवरची पत्र्याची खोली भाड्याने घेतली आणि पहिले आठ महिने एकही चित्र धड उभे राहिले नाही. मे महिन्यात अ‍ॅक्रेलिक पॅलेटवरच सुकून जाई, आणि कूलर लावला की जलरंगाच्या कागदाला ओल धरत असे. त्या ओढाताणीतून मी तैलरंगाकडे आणि मोठ्या आकाराकडे वळले. ज्युरीसमोर उभी असते तर हा निर्णय मी घेतला नसता.

अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपुरातच झाला. १९४८ साली त्यांनी सर ज. जी. कला महाविद्यालयाची पदविका घेतली आणि त्यानंतर कोणत्याही पदवीच्या मागे न लागता ते काम करत राहिले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांनी तर सिनेमाचे मोठाले फलक रंगवत उमेदवारी केली.

खर्चाचेही बोलले पाहिजे. परगावी दोन वर्षे राहण्या-जेवण्याला जो पैसा लागतो, त्यात नागपुरात खोलीचे भाडे भागते, रंग-कॅनव्हास येतात आणि वर्षातून दोनदा मुंबईला जाऊन जहांगीर कलादालन आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय नीट पाहून येता येते.

जस्ताचा पत्रा

अंबाझरी ताई, तुमच्या पत्र्याच्या खोलीबद्दल मला आदर आहे, परंतु तुम्ही चित्रकाराचा हिशेब साऱ्या दृश्यकलेला लावला आहे. मी मुद्राचित्रण करतो, म्हणजे पत्र्यावर किंवा दगडावर चित्र तयार करून ते कागदावर छापतो. एचिंग, म्हणजे पत्र्यावर आम्लाने रेघ कोरणे, करायचे तर जस्ताचा पत्रा, त्यावर ग्राउंडचा आम्लरोधक थर, नायट्रिक अ‍ॅसिडचा बाथ, वाफा बाहेर ओढणारा पंखा, अ‍ॅक्वाटिंटसाठी म्हणजे पत्र्यावर सलग छटा उमटवायला राळेची पेटी आणि शेवटी छपाईची प्रेस, एवढे सगळे एका छपराखाली लागते. चांगल्या प्रेसचे वजन इतके असते की गच्चीवरच्या खोलीत ती कोणताही घरमालक चढवू देणार नाही, आणि अ‍ॅसिडचा वास आला की शेजारी तक्रार करणारच. लिथोचा, म्हणजे दगडावरून छपाई करण्याचा, मोठा दगड हलवायला दोन माणसे लागतात. ब्राँझ ओतणाऱ्या शिल्पकाराची आणि स्टोनवेअर (टणक भाजलेली मातीची भांडी) भाजण्यासाठी भट्टी १,२०० अंश सेल्सिअसच्या वर न्यावी लागणाऱ्या सिरॅमिकवाल्याची अडचण याहून वेगळी नाही. आमच्यासाठी पदव्युत्तर प्रवेश म्हणजे आधी त्या कार्यशाळेत शिरण्याचा परवाना आहे. पदवी त्यामागून येते.

गायतोंडे यांचा दाखला तुम्ही अर्धाच दिलात. त्यांचा जन्म नागपूरचा असला तरी जडणघडण मुंबईची आहे, आणि पदविकेनंतर ते एकटे पडलेले नव्हते. मुंबईच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना कामाला जागा होती आणि त्याच इमारतीत हुसेन काम करत, नाट्यदिग्दर्शक अल्काझींच्या नाटकांच्या तालमी चालत, रविशंकर सतार शिकवत. अशी इमारत प्रतापनगरात मिळत असेल तर एम.एफ.ए. करू नका, असे मीही सांगेन. चित्रकार सय्यद हैदर रझा यांच्याकडे पाहा. १९३९ ते १९४३ नागपूर स्कूल ऑफ आर्ट, मग १९४७ पर्यंत मुंबईचे सर ज. जी. कला महाविद्यालय, आणि १९५० साली फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसच्या कलाशाळेत. नागपुरात चार वर्षे शिकून झाल्यावरही आपले शिक्षण संपले, असे त्यांना वाटले नाही.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो चित्रकार भूपेन खख्खर यांचा दाखला. ते चार्टर्ड अकाउंटंट होते. चित्रकार गुलाममोहम्मद शेख यांच्या आग्रहावरून ते मुंबई सोडून बडोद्याला गेले आणि तेथे त्यांनी एम.ए. केले, तेही चित्रकलेत नव्हे, कलासमीक्षेत. रंगवायला ते स्वतःचे स्वतःच शिकले, हिशेबाची नोकरीही पुढे अनेक वर्षे केली, आणि २०१६ साली लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांचे प्रदर्शन झाले. बडोद्याच्या कला विद्याशाखेने त्यांना चित्राचा हात घडवून दिला नाही, माणसे दिली, आणि रोज भेटणारी, रोज वाद घालणारी ती माणसे नसती तर मुंबईतला एक हिशेबनीस सुटीच्या दिवशी चित्रे काढत राहिला असता, असे मला वाटते.

कन्हानकाठ

माझी मुलगी अंतिम वर्षाला आहे, म्हणून हे दोन्ही प्रतिसाद मी पुन्हा पुन्हा वाचले. मला चित्रातले काही कळत नाही, पण घरातले कळते. अंबाझरी ताई, तुम्ही खोली घेतलीत तेव्हा घरचे तुमच्या पाठीशी असतील. आमच्याकडे मुलगी शिकते आहे, एवढे सांगितले की नातेवाईक गप्प बसतात. ती भाड्याच्या खोलीत एकटी चित्रे काढते, असे सांगितले तर पुढच्याच रविवारी स्थळे घेऊन येतात. तिच्या दृष्टीने एम.एफ.ए. म्हणजे दोन वर्षांची मुदत आहे आणि ती मुदत मी तिला कर्ज काढून देणार आहे. यात माझे चुकत असेल तर स्पष्ट सांगावे.

सीताबर्डीकर

काकासाहेब, तुमचे चुकत नाही, पण कर्ज काढण्यापूर्वी या पदवीला बाजारात काय किंमत आहे ते माहीत असावे. मी स्वतः एम.एफ.ए. आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमानुसार दृश्यकलेच्या सहायक प्राध्यापकाला पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. केवळ पदवीधर असलेल्या नामवंत व्यावसायिक कलावंताला त्याच नियमात वेगळी वाट ठेवली आहे. शाळेत कलाशिक्षक होण्यासाठी मात्र ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) घेऊन गेलेली पिढी आपल्यासमोर आहे, त्यासाठी एम.एफ.ए.ची गरज पडत नाही. नेट उत्तीर्ण होऊन मी तासिका तत्त्वावर शिकवतो. जेवढ्या तासिका तेवढे मानधन, आणि मे महिन्यात काहीच नाही. तरीही कायम जागेची वाट पाहावीच लागते, कारण या पदवीला दुसरीकडे फारशी मागणी नाही.

कार्यशाळेच्या परवान्याविषयी लिहिले आहे म्हणून माझा अनुभवही सांगतो. ज्या संस्थेत मी शिकलो तेथे प्रेस होती, परंतु तिची किल्ली एका कर्मचाऱ्याकडे असे आणि तो अर्ध्या दिवसानंतर निघून जात असे. मार्गदर्शक महिन्यातून एकदा येत. दोन वर्षांत माझ्या हातून सात प्लेट, म्हणजे छपाईसाठी कोरलेले पत्रे, झाल्या. परवाना मिळाला, दार बंदच राहिले. म्हणून माझा सल्ला असा, की संस्थेच्या नावावर जाऊ नये. प्रवेशाआधी एक दिवस तेथे जाऊन संध्याकाळी सहानंतर स्टुडिओत किती दिवे चालू आहेत ते पाहावे आणि तेथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोलावे.

चितार ओळ

आमचे घर मूर्तिकारांचे. माती मळायला मी आठव्या वर्षी बसलो, त्यामुळे विचारणारे कोणी नसताना काम करता येते का, ही अंबाझरी ताईंची परीक्षा मी महाविद्यालयात जाण्याआधीच दिलेली होती. तरीही मी शिल्पकलेत पदव्युत्तर शिक्षण घेतले, आणि त्याचे कारण त्यांच्या कारणाच्या नेमके उलटे आहे. ताईंना महाविद्यालयात विषय दुसऱ्याचा वाटला. आमच्या घरी आषाढ लागला की मूर्तीची उंची मंडळ ठरवते, चेहरा गिऱ्हाईक ठरवते आणि रंग मागच्या वर्षीच्या फोटोवरून ठरतो. स्वतःच्या खोलीत बसलो असतो तर मी पुन्हा ऑर्डरच घेतली असती, कारण घर त्यावरच चालते. माझ्या मातीला गिऱ्हाईक नव्हते असा माझ्या आयुष्यातला काळ ती दोन वर्षेच होती. त्या काळात मी कच्च्या मातीची, न भाजलेली, न रंगवलेली डोकी केली. एकालाही डोळे काढले नाहीत. आमच्या वडिलांनी ती पाहिली आणि विचारले, पूर्ण कधी करणार? मला त्यांना समजावून सांगता आले, आणि ते सांगण्याची भाषा मला तिथल्या चर्चांतून मिळाली. खोलीत एकट्याने बसून ती मिळाली नसती.

अंबाझरी

सर्वांचे मनापासून आभार. चितार ओळ यांच्या प्रतिसादाने माझ्या मतातली मोठी उणीव दाखवली. खोली म्हणजे मोकळीक, असे मी गृहीत धरले होते, आणि ते माझ्यापुरते खरे होते, कारण माझ्या खोलीचे पहिल्या वर्षाचे भाडे आईने दिले. काका, तुमचा अंदाज बरोबर आहे, घरचे पाठीशी होते. तुमच्या मुलीला मी आता एम.एफ.ए. करू नको असे सांगणार नाही. मात्र तिला एकदा माझ्याकडे पाठवा. दिवाळीच्या सुटीत महिनाभर माझ्या खोलीची दुसरी भिंत तिला वापरू द्या, म्हणजे प्रवेशाचा अर्ज भरताना आपल्याला तिथे जाऊन काय करायचे आहे, हे तिला नेमके लिहिता येईल.

एका मुद्द्यावर मी अजूनही ठाम आहे. जस्ताचा पत्रा यांनी जी गरज सांगितली ती कार्यशाळेची आणि सोबतीची आहे, पदवीची नव्हे. ललित कला अकादमीने दिल्लीत गढी येथे १९७६ पासून सामायिक स्टुडिओ चालवले. भोपाळच्या भारत भवनात पाटणगढचे गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम यांच्या हाती छपाईची साधने आली ती कोणतीही प्रवेशपरीक्षा न घेता. नागपुरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचे मुख्यालय आहे, पण पदवी झालेल्या मुलाला संध्याकाळी जाऊन प्लेट छापता येईल अशी सामायिक प्रेस मला माहीत नाही. दहा जणांनी मिळून एक उभी केली तर निदान एका विषयासाठी गाव सोडावे लागणार नाही. मी त्यात पैसे घालायला तयार आहे.

जस्ताचा पत्रा

मीही घालीन, आणि जागा तळमजल्यावर मिळाली तर प्रेस बसवून देण्याचे कामही करीन. पण आपले मतभेद यामुळे मिटत नाहीत, हेही नोंदवतो. पहिल्या सत्रात माझ्या सरांनी माझी प्लेट उजेडात धरून पाहिली आणि अ‍ॅसिडमध्ये वीस मिनिटे जास्त ठेवलेली रेघ बोटाने दाखवली. मला ती चूक दिसत नव्हती. पुढचे तीन महिने मी तीच एक रेघ पुन्हा पुन्हा कोरली आणि तेवढे तीन महिने त्यांनी माझ्यावर घालवले, कारण ते त्यांचे नेमून दिलेले काम होते. सामायिक प्रेसवर ज्याचा-त्याचा वेळ ठरलेला असेल. तिथे दुसऱ्याच्या प्लेटसाठी तीन महिने कोण देणार, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.