साखर कमी असली तरी स्टार्चचं काय?

'पाकिटावर साखर कमी लिहिलीय, म्हणजे कॉर्नफ्लेक्स मधुमेहींना चालतील' हे मत मला पटत नाही. मक्याचा कोंडा आणि अंकुर काढून, शिजवून, लाटून, भाजून जे उरतं तो बहुतांशी स्टार्चच. दाण्याची मूळ रचना मोडलेली असल्याने त्याचं झटपट ग्लुकोज होतं. ग्लुकोजचा ग्लायसेमिक इंडेक्स (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने वाढते त्याचं माप) १०० धरला, तर कॉर्नफ्लेक्सचा साधारण ८० येतो आणि नेहमीच्या साखरेचा ६५च्या आसपास! ओट्सचंही तसंच: जाड ओट्स ५५च्या जवळपास, इन्स्टंट बरेच वर. घरी ग्लुकोमीटर असेल तर खाण्याआधी आणि दोन तासांनी मोजून बघाच. पाकिटावर साखरेच्या ओळीपाशी थांबू नका, एकूण कर्बोदकं आणि तंतुमय पदार्थही वाचा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच.