पेस्ट-पॉट पीटला इतकंही हसू नका

मार्व्हल कॉमिक्समधल्या पेस्ट-पॉट पीटबद्दल कुणीतरी म्हटलंय, 'बादलीभर खळ घेऊन फिरणारा कसला आलाय खलनायक!' दिसायला पीट विनोदी आहेच. हातात बंदूक, तिला जोडलेली नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला चक्क खळीची बादली. १९६३ साली अंगाला आग लावून उडणाऱ्या सुपरहिरो ह्यूमन टॉर्चसमोर हा अवतार घेऊन उभं राहायला धाडसच लागतं.

पण १९६४ चा 'अव्हेंजर्स' या सुपरहिरोंच्या टोळीच्या कॉमिकचा सहावा अंक काढून बघा. खलनायक बॅरन झीमोचा 'अ‍ॅडहेसिव्ह एक्स' हा चिकटपदार्थ कशानेच सुटत नव्हता. खुद्द झीमोचा बुरखा त्याच्याच चिकटद्रव्याने तोंडाला कायमचा चिकटला होता! शेवटी अव्हेंजर्सना तुरुंगातल्या पीटकडेच जावं लागलं, आणि त्यानं तोडगा दिला. म्हणजे रसायनशास्त्रात गडी पक्का, फक्त नाव निवडताना अक्कल गहाण ठेवलेली. १९६५ मध्ये तो 'ट्रॅपस्टर' झाला, फ्रायटफुल फोर या खलनायकांच्या टोळीत बसून फँटास्टिक फोर या सुपरहिरोंच्या चमूला जेरीसही आणलं. तरी लोक मुद्दाम जुन्या नावानेच हाक मारतात आणि हा दरवेळी तितकाच भडकतो. मला तर त्याच्या कथांमध्ये हाच भाग सर्वांत जास्त आवडतो.